आंब्याचे कलम आणि हिरवळीचे गवत : वाढीच्या गरजांचा तौलनिक विचार (विशेष संदर्भ : शहापूर व मुरबाड तालुके)

प्रस्तावना :

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे तालुके पावसाच्या दृष्टीने संपन्न आहेत. येथे वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तानसा, मोडकसागर व भातसा या जलाशयांचे पाणी मुंबई महानगराची तहान भागविते. सापगावजवळून वाहणाऱ्या भातसा नदीच्या पात्रातूनच धरणातून सोडलेले पाणी पिसे येथे पोहोचते व तेथून शहराकडे नेले जाते. असे असूनही मार्चनंतर याच तालुक्यांतील अनेक गावपाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते, हा विरोधाभास सर्वपरिचित आहे. अशा प्रदेशात गेल्या काही दशकांत दोन प्रकारच्या लागवडी शेजारी शेजारी वाढत आहेत. एक आंब्याची आणि दुसरी हिरवळीची, म्हणजे व्यवहारात ज्याला आपण ‘लॉन’ म्हणतो त्याची. फार्महाऊस, निवासी संकुले आणि अलीकडे शैक्षणिक संस्थांची आवारेही याला अपवाद नाहीत. बहुधा आवारात मध्यभागी आंब्याची कलमे लावली जातात व त्यांच्या बुंध्यापर्यंत हिरवळ अंथरली जाते. या दोन वनस्पतींच्या गरजा परस्परांना किती पूरक वा मारक आहेत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वाढीची मूळ प्रकृती :

गवताचा वाढबिंदू जमिनीलगत असतो. पाते वरून कापले तरी ते तळातून पुन्हा वाढते. गुरांच्या चरण्याला तोंड देत उत्क्रांत झालेल्या या कुळाला कापणी ही आपत्ती वाटत नाही. उलट वारंवार कापल्याने ते आडवे पसरते व दाट होते. मात्र पाते जितके आखूड, तितकी मुळेही उथळ राहतात. नियमित कापल्या जाणाऱ्या हिरवळीची बहुतांश मुळे वरच्या वीतभर मातीतच असतात.

आंब्याचे नेमके उलट आहे. त्याचा मोहोर काडीच्या शेंड्यावर येतो आणि ती काडी काही महिने जुनी, पक्व असावी लागते. अवेळी शेंडा छाटला गेला तर त्या फांदीचे त्या वर्षीचे फळ गेलेच. झाडाचे सोटमूळ मुरमाच्या भेगांतून खोल जाते. अन्न घेणारी तंतुमुळे मात्र बरीचशी वरच्या थरात, फांद्यांच्या घेराखाली पसरलेली असतात. याच थरात हिरवळीचीही मुळे असतात, हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरतो.

प्रकाशाच्या बाबतीतही मेळ बसत नाही. हरळीसारख्या उष्ण प्रदेशीय गवताला दिवसाचे सहा ते आठ तास थेट ऊन लागते. कलम दहा-बारा वर्षांचे होऊन त्याची सावली घट्ट झाली की खालचे गवत विरळ होऊ लागते आणि माळी त्याला अधिक पाणी व अधिक युरिया देऊ लागतो. त्याचा परिणाम गवतावर फारसा होत नाही, झाडावर होतो.

(गणपतीला वाहिल्या जाणाऱ्या दूर्वा म्हणजेच ही हरळी. देवघरात पूज्य आणि शेतात शत्रू, असे स्थान क्वचितच दुसऱ्या वनस्पतीच्या वाट्याला आले असेल.)

पाणी आणि ताण :

प्रस्तुत विषयाचा गाभा येथे आहे. कोकणात आंब्याची लागवड शिफारशीनुसार १० × १० मीटर अंतरावर केली जाते. म्हणजे एका झाडाच्या वाट्याला शंभर चौरस मीटर, जवळपास एक गुंठा जमीन येते. त्यामुळे एक कलम व एक गुंठा हिरवळ यांची तुलना सहज करता येते.

एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. कोरड्या हंगामात हिरवळ हिरवी ठेवण्यास दररोज सुमारे चार मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर गुंठ्याला रोज चारशे लिटर होतात. नोव्हेंबर ते मे या सात महिन्यांत हा आकडा सुमारे ८५ हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे साडेआठ टँकर इतका होतो. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागात दरडोई दररोज ५५ लिटरचे मानक स्वीकारले आहे. त्या हिशेबाने एक गुंठा हिरवळ सात माणसांच्या वाट्याचे पाणी रोज घेते.

नव्या कलमाला पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात जगवावे लागते. आठवड्यातून दोनदा पंधरा लिटर धरले तरी संपूर्ण कोरड्या हंगामात हजार लिटरही होत नाहीत. मोठे झाड परंपरेने पावसावरच वाढते. फळगळ कमी व्हावी म्हणून कैरी वाटाण्याएवढी झाल्यावर पंधरा दिवसांच्या अंतराने दीड-दोनशे लिटर पाणी तीन-चार वेळा दिले जाते, इतकेच. अर्थात आंबा पाणी पीतच नाही असे नव्हे. मोठे झाड पावसाळ्यात जमिनीत मुरलेले पाणी खोलवरून ओढून घेते. आपल्याला ते मोजावे किंवा वाहून आणावे लागत नाही, एवढाच फरक.

परंतु प्रमाणापेक्षा वेळ अधिक महत्त्वाची आहे. पाऊस थांबल्यानंतर जमीन सुकत जाते, रात्री थंड होतात आणि या ताणातून झाड पालवीकडून मोहोराकडे वळते. ऑक्टोबर ते डिसेंबर हा आंब्याचा विश्रांतीचा काळ होय. नेमका हाच काळ हिरवळीसाठी सिंचन सुरू करण्याचा असतो. तुषार सिंचनाखाली असलेल्या कलमाला ताण मिळत नाही. ते हिरवेगार दिसते, नवी पालवी फेकते, आणि मोहोर उशिरा किंवा तुरळक येतो. कलमाची जात वाईट निघाली, रोपवाटिकेने फसविले, अशी तक्रार अशा वेळी केली जाते. ती बहुतेकदा अस्थानी असते.

या संदर्भात पॅक्लोब्युट्राझॉल या वाढनियंत्रकाचा दाखला उद्बोधक आहे. हापूसची एकाआड एक वर्ष फळण्याची प्रवृत्ती आटोक्यात आणण्यासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने त्याची शिफारस केली असून बागायतदार जुलै-ऑगस्टमध्ये ते झाडाच्या मुळांशी देतात. वनस्पतीतील जिबरेलिन या संप्रेरकाची निर्मिती रोखून ते वाढ थांबविते व मोहोराला वाट करून देते. परदेशातील गोल्फच्या मैदानांवर हेच रसायन गवताची कापणी कमी करावी लागावी म्हणून वापरतात. एकाच क्रियेतून एका ठिकाणी फळ अपेक्षित आहे, दुसऱ्या ठिकाणी केवळ आखूड पाते.

अन्नद्रव्ये व स्पर्धा :

हिरवळीला मुख्यतः नत्र हवे असते आणि तेही थोडे थोडे, वारंवार. कारण प्रत्येक कापणीबरोबर ते उचलून नेले जाते. आंब्याला दहाव्या वर्षापासून प्रतिझाड ५० किलो शेणखत, दीड किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद व एक किलो पालाश अशी शिफारस असून ही मात्रा पावसाळ्याच्या आरंभी फांद्यांच्या घेराखाली चर काढून दिली जाते. हिवाळ्याच्या तोंडावर हिरवळीसाठी टाकलेला युरिया झाडाला पालवीचाच संकेत देतो.

लहान कलमाभोवतीच्या गवताचा प्रश्न आणखी गंभीर आहे. इंग्लंडमधील वोबर्न येथे ड्यूक ऑफ बेडफर्ड व स्पेन्सर पिकरिंग यांनी १८९४ मध्ये फळझाडांचे प्रयोगक्षेत्र सुरू केले. सफरचंदाच्या कोवळ्या झाडांखाली गवत पेरल्यास झाडे खुरटतात, हे त्यांना ठळकपणे आढळले. गवताच्या मुळांतून विषारी द्रव्य पाझरत असावे, असा पिकरिंग यांचा तर्क होता. पुढील काळात पाणी व नत्र यांसाठीची स्पर्धा हेच मुख्य कारण मानले गेले. सफरचंद व आंबा यांचे हवामान भिन्न असले तरी मुळांची ही स्पर्धा दोन्हीकडे सारखीच आहे, आणि आपल्या उथळ, मुरमाड जमिनीत ती अधिक तीव्र होते. याशिवाय गवत कापण्याच्या यंत्राने बुंध्याला होणाऱ्या जखमा व सतत ओलसर राहणारी साल रोगांना आमंत्रण देते.

आवारनियोजनाच्या दृष्टीने :

गवताला येथे सरसकट दोषी ठरविण्याचे कारण नाही. वरकस जमिनीवरील गवत हा या भागाच्या अर्थव्यवस्थेचा जुना घटक आहे. ते राबासाठी वापरले गेले, गुरांना घातले गेले, मुंबईच्या तबेल्यांना विकलेही गेले. उतारावरील बागेत दोन ओळींमधील पावसाळी गवत मातीची धूप रोखते आणि कापून कलमाभोवती अंथरले तर उत्तम आच्छादन ठरते. हे गवत दिवाळीनंतर पिवळे पडते आणि पहिल्या पावसाबरोबर परत येते. त्याची व आंब्याची लय एकच आहे. विसंगती आहे ती बारमाही हिरवळीची.

मूल्यांकन समितीच्या भेटीपूर्वी घाईने हिरवळ अंथरण्याची प्रथा अनेक महाविद्यालयांत दिसते. दर्शनी भागात थोडी हिरवळ असण्यास हरकत नसावी. पण ज्या तालुक्यातील विद्यार्थिनी सकाळी हंडा भरून मग वर्गात येते, तेथे त्या हिरवळीचे क्षेत्र किती असावे हे उपलब्ध पाण्याच्या हिशेबावरच ठरविणे प्रस्तुत लेखकास उचित वाटते. पाचशे चौरस मीटर हिरवळ म्हणजे रोजचे दोन हजार लिटर. हा आकडा आवार समितीच्या इतिवृत्तात नोंदवला गेला, तर चर्चा निश्चितच वेगळ्या दिशेने जाईल.

जेथे दोन्ही लागवडी आधीच एकत्र आहेत, तेथे लहान कलमाभोवती किमान एक मीटर त्रिज्येचे आळे गवतमुक्त ठेवावे व झाड वाढेल तसा हा घेर वाढवीत न्यावा. फळणाऱ्या झाडांच्या घेराखालील तुषार सिंचन सप्टेंबरअखेर बंद करावे. तेथील गवत पिवळे पडले तरी पडू द्यावे. नवी कलमे लावायची असल्यास एक मीटर लांबी-रुंदी-खोलीचे खड्डे एप्रिल-मेमध्येच खणून, तापू देऊन, चांगली माती व शेणखत यांनी भरून ठेवावेत आणि पावसाने जोर धरल्यावर लागवड करावी.