दोघांची शर्यत, एकच घड्याळ

समोरून वारा असताना सायकल चालविण्याचा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांवर आलेला असेल. रस्ता सपाट, चाकांत हवा भरलेली, तरी सायकल पुढे जायला तयार नसते. अशा वेळी एखादा गडी पुढे निघाला आणि आपण त्याच्या पाठीमागे चिकटून राहिलो, की पायांवरचा भार एकदम हलका होतो. शाळकरी पोरालाही ही युक्ती कुणी शिकवावी लागत नाही. या साध्या अनुभवावरच सायकलच्या एका शर्यतीचे सारे शास्त्र उभे आहे. ती शर्यत म्हणजे जोडीने, घड्याळाविरुद्ध धावायची शर्यत.

घड्याळाविरुद्धच्या शर्यतीत सगळे स्पर्धक एकदम सुटत नाहीत. ठरावीक मिनिटांच्या अंतराने एकेकाला सोडतात आणि ज्याला सर्वांत कमी वेळ लागला तो जिंकतो. यात एकट्याने धावणाऱ्याला दुसऱ्याच्या आडोशाला राहण्याची परवानगी नसते. जोडीच्या शर्यतीत मात्र दोघे एकत्र सुटतात आणि एकमेकांचा आडोसा घेत धावतात. नियम एकच, पण मोठा मार्मिक आहे. वेळ मोजली जाते ती दुसऱ्या गड्याचे चाक रेषेवर आले म्हणजे. पहिला दोन मिनिटे आधी पोहोचला, तर त्या दोन मिनिटांची किंमत शून्य!

आता आधी वाऱ्याचा हिशेब पाहू. सपाट रस्त्यावर ताशी 40 किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराची बहुतेक सारी शक्ती हवा बाजूला सारण्यात खर्च होते. शिवाय वेग थोडा वाढविला तर शक्ती पुष्कळ जास्त लागते. वेग एक दशांशाने वाढवायचा, तर हवेशी झगडायला जवळजवळ एक तृतीयांश जादा शक्ती हवी. पण पुढच्याच्या चाकाला अगदी खेटून जो चालतो, त्याची एक चतुर्थांश ते एक तृतीयांश मेहनत वाचते. गंमत अशी की मागे कोणी असल्याचा किंचित फायदा पुढच्यालाही होतो, कारण त्याच्या पाठीमागे हवेचे जे भोवरे उठून त्याला मागे ओढतात, ते थोडे शांत होतात.

म्हणून दोघे आळीपाळीने पुढे येतात. हे ऐकायला सोपे वाटते, पण खरी मेख पाळी बदलण्यातच आहे. पुढचा गडी किंचित बाजूला होतो. त्याने ब्रेक लावावयाचा नसतो, फक्त पायांचा जोर कमी करावयाचा. मागचा सरळ पुढे निघतो, आणि पहिला त्याच्या मागच्या चाकाशी येऊन चिकटतो. इथे नवख्यांच्या हातून दोन चुका हमखास होतात. पहिली चूक पुढे येणाऱ्याची. इतका वेळ आडोशाला बसून त्याचे पाय ताजेतवाने झालेले असतात. पुढे येताच तो उत्साहाने जोर मारतो आणि नुकताच बाजूला झालेला जोडीदार मागे पडतो. दुसरी चूक बाजूला होणाऱ्याची. तो अगदी दमेपर्यंत पुढे राहतो. वास्तविक बाजूला झाल्यावर पुन्हा मागच्या चाकाला लागण्यासाठी त्याला एक शेवटचा जोर लावावा लागतो, आणि तेवढाच त्याच्यापाशी उरलेला नसतो. दमल्यावर नव्हे, दमण्याआधी बाजूला व्हावे, हा या शर्यतीचा पहिला धडा.

चौघांच्या संघात एक पाळी झाली की तीन पाळ्यांची विश्रांती मिळते. दोघांत ती एकाच पाळीची. आणि तीही खरी विश्रांती नव्हेच, कारण आडोशाला बसूनसुद्धा पुढच्याच्या दोन तृतीयांश मेहनत करावीच लागते.

वारा बाजूने असला तर हिशेब थोडा बदलतो. वारा डावीकडून येत असेल तर आडोसा पुढच्याच्या थेट मागे मिळत नाही, त्याच्या मागे किंचित उजवीकडे मिळतो. बाजूला होणाऱ्यानेही वाऱ्याच्या अंगालाच व्हावे, म्हणजे पुढे येणाऱ्याला क्षणभर आडोसा मिळतो. वळण आले की पुढचा आधी बाहेर पडतो आणि लगेच वेग घेतो. मागचा तेवढ्यात तुटतो. म्हणून वळणानंतर पुढच्याने चार पायडले सबुरीने मारावीत. चढावर वेग कमी, त्यामुळे आडोशाचा उपयोगही थोडा. तिथे ज्याची त्याची ताकद उघडी पडते, आणि बऱ्याच जोड्या मोडतात त्या चढावरच.

आता मुख्य प्रश्न. दोघे सारख्या ताकदीचे नसतील तर? आणि बरं का, ते सारख्या ताकदीचे जवळजवळ कधीच नसतात. आपण एक उदाहरण घेऊ. दिव्याच्या शक्तीप्रमाणे माणसाची शक्तीही वॉटमध्ये मोजतात. समजा, एक गडी शर्यतभर सरासरी 350 वॉट देऊ शकतो आणि दुसरा 300. मागे बसल्यावर दोन तृतीयांश मेहनत पडते असे धरू. दोघांनी सारख्या पाळ्या घेतल्या, तर दुबळ्याला झेपेल अशा बेताने पुढच्याला 360 वॉटचा वेग ठेवता येतो. त्यापेक्षा जास्त ठेवला तर दुबळा मोडेल, आणि बलवानाची बरीच शक्ती तर तशीच शिल्लक राहील.

पण बलवानाने 45 सेकंद पुढे राहावे आणि दुबळ्याने 20 सेकंद, अशी वाटणी केली की पुढचा वेग 390 वॉटचा ठेवता येतो आणि दोघेही आपापल्या मर्यादेत राहतात. 100 किलोमीटरच्या शर्यतीत एवढ्याने साडेतीन मिनिटांच्या आसपास फरक पडतो. नीट लक्षात घ्या, यात वेग कुणासाठीही कमी केलेला नाही. दुबळा पुढे आला की वेग तोच, फक्त त्याची पाळी लहान. बलवानाने आपले बळ वेग वाढवून दाखवावयाचे नाही, पाळी लांबवून दाखवावयाचे. जोडीचे सारे गणित या एका वाक्यात आले.

हे गणित बिघडले म्हणजे काय होते, याची एक विलक्षण हकीकत आहे. इटलीच्या उत्तरेला बेर्गामो नावाचे गाव आहे. त्या परिसरात ‘त्रोफेओ बाराक्की’ नावाची शर्यत होत असे. 1949 पासून ती दोघादोघांच्या जोड्यांची झाली आणि पुढे चाळीस वर्षे नावाजलेले धावपटू तीत उतरले. आता ती होत नाही. फाउस्टो कोप्पी हा इटलीचा फार मोठा सायकलपटू. 1953 साली तो व्यावसायिकांचा जगज्जेता झाला आणि रिकार्दो फिलिप्पी हा तरुण हौशींचा. त्याच वर्षी दोघांनी मिळून ही शर्यत जिंकली. 1954 आणि 1955 सालीही जिंकली. एक चौतिशीचा मुरलेला, दुसरा बावीस वर्षांचा. तरी जोडी जमली.

1962 साली मात्र वेगळे घडले. फ्रान्सचा जाक आंकेतील आणि जर्मनीचा रूडी आल्टिग यांची जोडी उतरली. आंकेतीलने त्याच वर्षी फ्रान्सची प्रदक्षिणा जिंकली होती, आणि घड्याळाविरुद्ध धावण्यात तर त्याच्यासारखा त्या काळी दुसरा नव्हता. आल्टिग त्याच्याच संघातला, पण त्याच वर्षी स्पेनच्या प्रदक्षिणेत त्याने आंकेतीललाही मागे टाकले होते. कागदावर याहून भारी जोडी कोणती? अंतर होते 111 किलोमीटर. सुरुवातीला दोघे झपाट्याने निघाले. पण त्या दिवशी आंकेतीलचे पाय साथ देईनात. हळूहळू त्याच्या पाळ्या तुटक झाल्या, मग बंदच पडल्या. पुढे जाणे दूरच, आल्टिगच्या मागे टिकणेही त्याला जड जाऊ लागले.

आल्टिगपाशी तेव्हा ताकद उरली होती. पण ती घेऊन तो करणार काय? एकटा पुढे गेला असता तर घड्याळ आंकेतीलची वाट पाहत थांबले असते. तो ओरडला, रागावला, पुन्हा मागे आला. शेवटी त्याने आंकेतीलच्या पाठीला हात लावून त्याला ढकलायला सुरुवात केली. पुढे जाऊन वारा अंगावर घ्यायचा, मागे येऊन ढकलायचे, पुन्हा पुढे. बेर्गामोच्या मैदानाशी पोहोचेपर्यंत आंकेतीलला समोरचे धड दिसतही नव्हते. आत वळायचे ते त्याला वळता आले नाही, तो आपटला आणि त्याच्या डोक्याला इजा झाली. पण वेळ मैदानाच्या तोंडाशीच मोजली गेली होती. ही जोडी नऊ सेकंदांनी जिंकली.

आजच्या नियमांत संघातल्या सोबत्यालाही ढकलायला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. पण मला त्या हकीकतीत ढकलण्यापेक्षा वारंवार मागे येणे मोठे वाटते. आल्टिग थोर ठरला तो वेगामुळे नव्हे. आपला वेग आता एकट्याचा उरलेला नाही, हे त्याने मनाविरुद्ध का होईना, पण मान्य केले म्हणून. आंकेतीलच्या बाजूनेही पाहावे. जगातला पहिला म्हणून मिरवणाऱ्या माणसाला हजारो लोकांदेखत दुसऱ्याचा हात पाठीवर घ्यावा लागला. शर्यत सोडून रस्त्याकडेला बसणे त्याला सोपे होते. तो बसला नाही. मदत देणे कठीण असते. ती घेत घेत पायडले मारीत राहणे काही वेळा त्याहून कठीण असते.

बैलजोडीच्या मानेवर जू दिसते तरी. या दोघांमधले जू दिसत नाही. ते वाऱ्याचे असते. रेषेवर दुसरे चाक येईपर्यंत ते कुणालाच उतरवता येत नाही. विजेत्यांच्या यादीत 1962 सालापुढे म्हणूनच एक नाव नाही, दोन आहेत. कोण किती वेळ पुढे होता, हे त्या यादीत लिहिलेले नाही.