दागिना मोडण्याआधी

पेरणी, फी किंवा आजारपणासाठी घरातलं सोनं मोडायची वेळ येते, तेव्हा माणूस आधीच अडलेला असतो. त्यात ऐकीव माहितीवर विसंबून त्याचं आणखी नुकसान व्हावं, हे मला सहन होत नाही.

सगळ्यात मोठा गैरसमज वजनाचा. एकूण वजन गुणिले आजचा भाव, असा हिशेब घरी मांडला जातो. पण 22 कॅरटच्या दहा ग्रॅममध्ये शुद्ध सोनं साधारण 9.16 ग्रॅम असतं. तिथे 24 कॅरटचा भाव लावून चालत नाही. खड्यांचं वजन वजा होतं. कोल्हापुरी साज, वज्रटीक अशा जुन्या दागिन्यांत लाख भरलेली असते. ती काट्यावर भरते, पण तिचे पैसे मिळत नाहीत. घडणावळ आणि खरेदीवर भरलेला 3 टक्के जीएसटीही परत येत नाही. एवढी वजावट रास्तच. पण त्यावर ‘घट’ म्हणून सरसकट टक्के कापले, तर ती कशाची, हे विचारायलाच हवं.

हॉलमार्क नसलेलं सोनं विकता येत नाही, हेही खरं नाही. सक्ती सराफाच्या विक्रीवर आहे, तुमच्या जुन्या पाटल्यांवर नाही. भारतीय मानक ब्युरोची मान्यता असलेल्या केंद्रात माफक शुल्कात शुद्धता तपासून मिळते. सराफाकडे जाण्याआधीच हे करावं. एक्स-रे मशीन मुख्यतः वरचा थर वाचतं, म्हणून काही पेढ्या दागिना वितळवून पाहतात. वितळला की तो परत नेता येत नाही. तेव्हा भाव आणि वजावट आधी कागदावर घ्या.

आजीचं सोनं विकलं तर कर नाही? वारशाने मिळण्यावर नाही. विक्रीतल्या नफ्यावर आहे. आजीचा काळ धरून 24 महिन्यांहून जास्त झाले असतील, तर दर 12.5 टक्के. खरेदी 1 एप्रिल 2001 पूर्वीची असेल, तर त्या दिवशीचा बाजारभाव मूळ किंमत म्हणून धरता येतो.

आणि गहाण ठेवलं म्हणजे गेलं, असंही नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या निर्देशांनुसार अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला तारणाच्या किमतीच्या 85 टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. कर्ज थकून लिलाव झालाच, तर देणं वळतं करून उरलेली रक्कम कर्जदाराचीच असते. ती मागून घ्या.