मोत्या आणि बांगड्याचा काटा

कुत्रा चावल्यावर काय करावे, हे गेली पंचवीस-तीस वर्षे मी दवाखान्यात कुणाला ना कुणाला सांगत आलो आहे. आज मात्र वाचकांसमोर एक कबुली द्यायची आहे. ही हकीगत माझ्याच घरातली.

काही वर्षांपूर्वी गणपतीला मुंबईहून आलेल्या पुतण्याच्या मुलांनी मासळी बाजाराच्या मागून एक पिल्लू उचलून आणले. कोणीतरी गोणपाटात घालून तिथे सोडून दिलेले. मुलांनी त्याचे नाव मोत्या ठेवले आणि मुले गेल्यावर मोत्या आमच्या खळ्यात राहिला. तीन महिन्यांचा झाला की रेबीजची लस द्यायची, हे मला ठाऊक होते. पण आज पाऊस, उद्या दवाखान्यात गर्दी, परवा काय तर पेट्रोल नाही. तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना घरापासून दहा मिनिटांवर, तरी दिवाळी उजाडली.

दिवाळीच्या सुट्टीत मुले पुन्हा आली. खेळता खेळता धाकटीच्या पोटरीला मोत्याचा दात लागला. थेंबभर रक्त आले. तिच्या आईने डेटॉल लावले आणि विषय संपला. मुले मुंबईला परतली आणि चार-पाच दिवसांनी मोत्याने खाणे सोडले. जबडा लोंबत होता, तोंडातून लाळ गळत होती, भुंकणे घोगरे झाले होते. शेजारच्या काकी म्हणाल्या, ‘‘बांगड्याचो काटो अडाकलो हा तेच्या गळ्यात.’’ मलाही ते पटले. मी बॅटरी घेतली, जबडा उघडला आणि दोन बोटे घशापर्यंत घातली. त्यातल्या एका बोटाला आदल्याच दिवशी आडाळीवर कापले होते. काटा सापडला नाही. तिसऱ्या दिवशी मोत्या गेला. परसातल्या माडाखाली त्याला पुरला.

त्यानंतर आठवडाभराने एका पशुवैद्य मित्राशी सहज बोलताना हे निघाले. तो एकदम गप्प झाला. मग म्हणाला, ‘‘डॉक्टर, आज संध्याकाळपर्यंत सगळ्यांची इंजेक्शने सुरू करा.’’

वाचकहो, पिसाळलेला कुत्रा म्हणजे लाल डोळ्यांचा, दिसेल त्याला चावत सुटणारा, हे चित्र आपल्या डोक्यात पक्के बसले आहे. पण या रोगाचा दुसरा, मुका प्रकारही असतो. त्यात कुत्रा कोणाच्या अंगावर जात नाही. घशाचे आणि जबड्याचे स्नायू लुळे पडतात, घास गिळता येत नाही, तोंड उघडे राहते. मालकाला वाटते, हाड अडकले. आपल्याकडे वाटते, माशाचा काटा अडकला. आणि तो मायेने हात घालतो.

मोत्याला रेबीजच होता का? ते आता कधीच कळणार नाही. खात्रीचे निदान मेंदूच्या तपासणीवरून होते आणि आम्ही तर त्याला पुरून टाकला होता. पण हा रोग एकदा माणसात दिसू लागला की त्यावर उपाय नाही, मृत्यू जवळजवळ ठरलेला. म्हणून संशयही पुरेसा असतो. मुंबईला फोन करताना माझा आवाज कापत होता. पुतण्याने रागाचा एक शब्द काढला नाही, तेच जास्त लागले. धाकटीला जखमेत द्यायचे सीरमही द्यावे लागले, कारण रक्त आले होते. बोटाच्या जखमेमुळे ते मीही घेतले. आजवर सगळे ठणठणीत आहेत.

कुत्र्याचा दात लागला किंवा मांजराने ओरबाडले, तर पहिले औषध नळाखाली आहे. साबण आणि वाहत्या पाण्याने जखम पंधरा मिनिटे धुवायची, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट, तंबाखू काही लावायचे नाही. मग दवाखाना गाठायचा. सरकारी दवाखान्यात ही लस मोफत मिळते. कातडीत दिली तर पहिला दिवस धरून ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी; स्नायूत दिली तर १४ व्या दिवशी आणखी एक. पोटातल्या चौदा इंजेक्शनांच्या भीतीने आजही काही वडीलधारे येत नाहीत. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस आपल्या देशात २००५ पर्यंतच बंद झाली. आता टोचतात ती दंडात. कुत्रा बांधून दहा दिवस बघावा हे खरे, पण लस घेणे त्यासाठी थांबवू नये. दहा दिवसांनी कुत्रा धडधाकट असेल तर पुढची इंजेक्शने घ्यायची की नाहीत ते डॉक्टर सांगतील.

‘‘आमचो कुत्रो घरचो, तेका कसलो रोग?’’ हे वाक्य मी हजारदा ऐकले असेल. २०१६ साली दोडामार्गात माकडताप आला तेव्हा मेलेले माकड दिसले की लोक कळवू लागले. पावसात लेप्टोच्या भीतीने आपण उंदरांपासून जपतो. पडवीत झोपणाऱ्या कुत्र्याविषयी मात्र आपण निर्धास्त. घरचा म्हणजे दिवसा घरचा. रात्री तो वेळेवर हिंडतो, रापणीच्या मासळीवर बाहेरच्या कुत्र्यांशी भांडतो. बोका तर तीन-तीन दिवस बेपत्ता असतो. मांजरालाही हीच लस लागते, हे ऐकून निम्मे लोक हसतात.

बांद्यापलीकडे गोव्यात काय झाले ते बघा. तिथे सरकार आणि ‘मिशन रेबीज’ ही संस्था यांनी मिळून जाळ्या घेऊन गावोगाव कुत्र्यांना लस टोचली, मोकाट आणि पाळीव दोघांनाही, आणि शाळांत मुलांना धडे दिले. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांपर्यंत लस पोहोचली की रोगाची साखळी तुटते, हा त्यामागचा हिशेब. २०१८ साली गोव्यात रेबीजने एकही माणूस दगावला नाही आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. कुत्र्याला काही पत्रादेवीचा नाका कळत नाही. अलीकडे आपण हे केले नाही, तर पलीकडच्यांचीही मेहनत फुकट.

आणि ते गोणपाट. मादीची नसबंदी करायची नाही, पिल्ले झाली की बाजारात किंवा खाडीपलीकडे नेऊन सोडायची, ही आपली जुनी खोड. घरच्या मांजरीलाही वर्षातून दोन-तीनदा पिल्ले होतात. सोडलेल्यांतली जगतात ती लसीविना वाढतात आणि एक दिवस कोणाची तरी मुले त्यांना उचलून घरी आणतात. मोत्या असाच आला होता.

वर्षभराने मुलांनी पुन्हा हट्ट धरला. ओळखीच्या घरातले तीन महिन्यांचे पिल्लू पिशवीतून घेऊन मी आलो. पडवीत काकी बसल्या होत्या. पिशवीत डोकावून म्हणाल्या, ‘‘सुई मारलास? नाय तर आधी मारून हाड, मगे पायरी चढ.’’ मी खिशातले कार्ड काढून दाखवले. आता ते कालनिर्णयच्या खिळ्याला टांगलेले आहे. पुढची तारीख मे महिन्यातली आहे.