अंगणात उभ्या गाडीचे टायर

नागरा हे गाव गोंदियाला लागूनच, बालाघाटच्या रस्त्यावर. इथल्या आणि आसपासच्या अनेक घरांत आता चारचाकी आली आहे. पण ती रोज कुठे चालते? बाजारहाट, शाळा, शेत ही कामे दुचाकीवरच होतात. मोठी गाडी अंगणात उभी असते आणि वर्षातून मोजक्या वेळी बाहेर निघते: भाचीचा निकाह, ताजबागचा उर्स, नाहीतर हजला निघालेल्या मामू-मुमानींना नागपूर विमानतळावर पोहोचवायला. त्या दिवशी मात्र ती खचाखच भरते. टपावर बोजा, आत लहान मुले, बाहेर चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांचे ऊन. कोहमाऱ्याला महामार्ग लागला की वेगही वाढतो.

अशा गाडीच्या टायरबद्दल एक समज आम्ही वारंवार ऐकतो: "गाडी चालली किती? टायर तर नवेच आहेत!" वरून ते नवे दिसतातही, नक्षी पूर्ण शाबूत असते. पण टायर घासून जसा संपतो, तसाच तो वयानेही संपतो. ऊन आणि हवा यांनी रबर हळूहळू कडक होते, त्याला बारीक भेगा पडतात, आतल्या थरांची एकमेकांवरची पकड सुटू लागते. गाडी एका जागी उभी राहिली की टायरच्या एकाच भागावर भार पडत राहतो आणि हवाही कमी होते. परदेशात लोक सुट्टीत फिरायला कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचे घर, गाडीमागे जोडून नेतात. तीही वर्षभर उभीच असते. म्हणून ब्रिटनमध्ये कॅराव्हॅनचे टायर शक्यतो पाच वर्षांनी बदलावेत आणि सात वर्षांनंतर मुळीच वापरू नयेत, असा सल्ला दिला जातो. नक्षी किती उरली, हा तिथे प्रश्नच नसतो.

याच देशात सप्टेंबर 2012 मध्ये एका संगीत महोत्सवाहून परतणारी बस हिंडहेडजवळ रस्ता सोडून झाडावर आदळली. चालकासह तिघे गेले. फुटलेला पुढचा टायर 19 वर्षांहून जुना होता. म्हणजे मृतांतल्या 18 वर्षांच्या मायकेल मोलॉयपेक्षाही त्याचे वय जास्त होते. मायकेलच्या आईने, फ्रान्सिस मोलॉय यांनी, अनेक वर्षे पाठपुरावा केला. अखेर 1 फेब्रुवारी 2021 पासून तिथे बस आणि ट्रकच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांहून जुने टायर लावण्यास बंदी आली.

आपल्याकडे कायदा पाहतो तो नक्षीची खोली. कारसाठी ती किमान 1.6 मिलिमीटर हवी. टायरच्या खाचांत छोटे उंचवटे असतात; नक्षी घासून त्यांच्या बरोबरीला आली की टायर बदलायचाच. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर 2022 मध्ये खुला झाल्यानंतर तिथे गाड्यांचे टायरही तपासले जाऊ लागले. खुलताबादकडे त्या रस्त्याने जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. पण वयाची तपासणी आपली आपणच करायची आहे.

ती सोपी आहे. टायरच्या बाजूवर 'डीओटी' अक्षरांच्या ओळीत शेवटी चार अंक असतात. 2319 असेल तर तो टायर 2019 सालच्या 23व्या आठवड्यात तयार झाला. बाहेरच्या बाजूला अंक दिसले नाहीत तर आतल्या बाजूला पाहा. पाच वर्षे झाली की दरवर्षी जाणकाराकडून टायर तपासून घ्या. अनेक वाहन कंपन्या सहा वर्षांनी टायर बदलायला सांगतात. आपल्या उन्हात हेच धरून चालावे असे आम्हाला वाटते. बाजूला भेगा असतील किंवा फुगवटा आला असेल तर वय न पाहता टायर काढा. स्टेपनीचेही साल पाहा. स्वस्तात मिळणारा जुना टायर घेताना तर आधी तेच पाहा.

हवेबाबतही एक गैरसमज आहे. उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून काहीजण हवा कमी ठेवतात. हे उलटे आहे. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि त्यानेच फुटतो. चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर हवेचा आकडा दिलेला असतो, भरलेल्या गाडीसाठी बहुधा वेगळा. निघण्यापूर्वी, टायर थंड असताना, तेवढी हवा भरा. उभी गाडी सावलीत ठेवा आणि पंधरवड्यातून एकदा थोडी फिरवून आणा.

एवढे करूनही वाटेत टायर फुटलाच तर जोरात ब्रेक दाबू नका. स्टिअरिंग घट्ट धरा, ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढा आणि वेग उतरला की गाडी डाव्या कडेला घ्या.

भाड्याची गाडी घेताना आपण एसी विचारतो, सीटा मोजतो, दरावर घासाघीस करतो. टायर पाहायला मात्र संकोच वाटतो. "भाऊ, टायर कोणत्या सालचे आहेत?" असे विचारण्यात कोणाचा अपमान नाही. चालकही त्याच गाडीत बसणार आहे. घरातल्या आया-बहिणींनी, शाळकरी मुलांनीही ते चार अंक वाचायला शिकावे. वऱ्हाड निघायच्या आठवडाभर आधी पाचही टायर पाहून घ्या, म्हणजे बदलायची वेळ आली तर हाताशी दिवस असतील.