सूर्य खरंच जास्त तापलाय का?

मागच्या बैठकीत आपल्या एक काकू म्हणाल्या, "आमच्या लहानपणी एवढा उकाडा नव्हता. सूर्यच तापत चाललाय, त्याच्यापुढं कुणाचं काय चालणार?" सगळ्यांनी माना डोलावल्या, मीपण. घरी आल्यावर वाटलं, हे कुणी मोजलंय का?

मोजलंय. जमिनीवरून नीट मोजता येत नाही, ढग, धूळ, वाफ मध्ये येतात. म्हणून १९७८ पासून उपग्रहांवर यंत्रं बसवून मोजतात. यंत्रात आतून काळी केलेली छोटी पोकळी असते. ती विजेवर ठरावीक इतकीच गरम ठेवतात. झडप उघडून ऊन आत आलं की वीज कमी लागते. जेवढी वीज वाचली, तेवढं उन्हाचं माप. पातेलं उन्हात असलं की खालचा जाळ कमी करतो ना, तसंच.

पण सतत ऊन लागून तो काळा थरच बदलतो आणि माप चुकायला लागतं. आपल्या पापडाच्या काट्याचं हेच झालं होतं. शेजारच्या गटाचा काटा आणून ताडून पाहिला तेव्हा कळलं, तोवर किती पापड जास्त गेले देव जाणे! शास्त्रज्ञ आधीच शहाणे. ते यंत्रात जादा पोकळी ठेवतात. ती बहुतेक वेळ झाकलेली, अधूनमधून उघडून रोजच्या पोकळीशी ताडायची. शिवाय जुनं यंत्र बंद पडायच्या आत नवं वर पाठवायचं, म्हणजे दोन्हींची मापं जुळवता येतात.

एवढं करूनही जुनी यंत्रं चौरस मीटरला सुमारे १३६६ वॅट दाखवायची. २००३ साली गेलेल्या नव्या यंत्रानं १३६१ दाखवले. जुन्या यंत्रांत आजूबाजूचा उजेड शिरत होता. पाच वॅटचा हा फरक काट्याचा, सूर्याचा नव्हे.

सूर्याचा स्वतःचा चढउतार साधारण अकरा वर्षांचा, तोही हजार रुपयांत एखाद्या रुपयाएवढा. सूर्यावर काळे डाग वाढले की तो उलट किंचित जास्त तळपतो, कारण डागांसोबत उजळ पट्टेही वाढतात. पुन्हा खाली येतो. चाळीसहून जास्त वर्षांच्या मोजणीत तो तापत चाललेला दिसत नाही.

काकूंचा उकाडा मात्र खरा आहे. कोळसा, डिझेल जाळून हवेत साठलेला वायू जमिनीची उष्णता बाहेर जाऊ देत नाही.

बुधवारी बैठक आहे. पापड लाटायला सकाळी सातला बसायचं का, ते ठरवू. काकू, तुम्ही नक्की या.