डेम्लोची संख्या

कला शाखेच्या विद्यार्थ्याला गणिताशी काय कर्तव्य, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. परंतु प्रस्तुत लेखासाठी पाचवीतला गुणाकार पुरेसा आहे. संख्या अशी : १२३४५६७८९८७६५४३२१.

ही सतरा अंकी संख्या उजवीकडून वाचली तरी तीच राहते. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त (इ. स. ११५०) एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थाने सांगितली आहेत. त्यांपैकी सतरावे, म्हणजे 'मध्य', हे स्थान ही संख्या गाठते.

ती येते कोठून? ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१. असेच पुढे जात नऊ एक ओळीने मांडून त्यांचा वर्ग केला की आपली संख्या मिळते. कारण सोपे आहे. गुणाकार मांडताना प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते. त्यामुळे उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एक 'एक', दुसऱ्यात दोन, असे वाढत मधल्या रकान्यात नऊ होतात व पुन्हा उतरतात. कोठेही हातचा येत नाही. दहा एक घेतले की मधल्या रकान्याची बेरीज दहा होते, हातचा येतो आणि ही शिडी मोडते : १२३४५६७९००९८७६५४३२१.

आपल्या संख्येतील अंकांची बेरीज ८१ होते, आणि ८१ ने तिला निःशेष भाग जातो. कारण नऊ एकांच्या संख्येला ९ ने भाग जातो; म्हणून तिच्या वर्गाला ८१ ने जाणारच. भागाकार येतो १२३४५६७९ चा वर्ग. उलट ८१ ने गुणले तर ९९९९९९९९८००००००००१ मिळते. हा नऊ नवांचा वर्ग होय.

स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना 'हर्षद', म्हणजे आनंद देणाऱ्या, हे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी दिले. आपली संख्या ज्या कुळातली, त्या 'डेम्लो संख्या'ही त्यांच्याच. डेम्लो हे डोंबिवली स्थानकाचे जुने नाव. तेथे त्यांना ही कल्पना सुचली. १९०५ साली डहाणूला जन्मलेले कापरेकर १९३० ते १९६२ पर्यंत देवळालीला शाळाशिक्षक होते. गणितातील पदव्युत्तर पदवी त्यांच्याजवळ नव्हती. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष त्यांच्याकडे गेले. १९८६ साली ते वारले.

मला या संख्येचे मोल वाटते त्याला आणखी एक कारण आहे. मी पूर्णगडचा. मुचकुंदीच्या मुखाशी आमची वस्ती, आणि घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. माझे वडील होडीवर जातात. मासळीचा हिशेब व्यापारी वहीत मांडतो; तो जो आकडा सांगेल तो ते मान्य करतात. मोठा आकडा मोठ्या माणसांनी वाचायचा, हीच समजूत आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. गणिताच्या धास्तीने शाळा सोडलेली मुले माझ्या बरोबरीची आहेत.

मागच्या सुट्टीत धाकट्या बहिणीला मी हा गुणाकार नऊ ओळींत मांडायला लावला. तिने रकाने स्वतः जुळविले, बेरीज स्वतः केली, आणि उत्तर बरोबर आहे की नाही हे मला विचारले नाही. 'बाबांची वही आता मीच बघणार,' एवढेच म्हणाली.

गणिताचा उपयोग काय असे विचारणाऱ्या मित्रांना मी हेच उत्तर देईन.