विरलेल्या कापडाला रफू

तान्ह्या बाळाची बेंबी फुगलेली दिसली की घरातली आजी तिच्यावर नाणं ठेवून पट्टी बांधते. चार-पाच वर्षांत फुगवटा बहुतेक मुलांमध्ये जातो, पण नाण्यामुळे नव्हे. नाळ गळून पडल्यानंतर बेंबीखालचं कडं वाढत्या वयाबरोबर आवळत जातं. आईचं तसं होत नाही. बाळंतपणानंतर तिच्या बेंबीशी आलेला हर्निया पट्ट्याने, व्यायामाने किंवा वाट पाहून बुजत नाही.

पोटाच्या मधोमध, फासळ्यांपासून ओटीपोटाच्या हाडापर्यंत, दोन उभे स्नायू शेजारी-शेजारी उतरतात. त्यांना जोडणारी पांढरी, चिवट पट्टी म्हणजे कोलॅजेनच्या तंतूंची वीण. नाळेच्या रक्तवाहिन्या जिथून आत शिरत होत्या ती बेंबी याच विणीत असते, म्हणून ती जागा जन्मापासूनच नाजूक. गर्भारपणात संप्रेरकांमुळे तंतू सैल पडतात, वाढतं गर्भाशय त्यांना ताणतं आणि दोन्ही स्नायू बाजूला सरकतात. याला फट म्हणतात खरं, पण तिथं भोक नसतं, कापड विरलेलं असतं. भोक असतं ते हर्नियात, आणि त्यातून चरबी किंवा कधी आतडं बाहेर येतं.

नॉर्वेत 300 पहिलटकरणींची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी 60 टक्के जणींचे स्नायू दुरावलेले होते, वर्षाने सुमारे 33 टक्के जणींचे. म्हणजे शरीर बरंच काही स्वतः सावरतं. बाळंतिणीचं पोट जुन्या मऊ लुगड्याने बांधायची आपली रीत कंबरेला आधार देते, हालचाल सोपी करते. त्याने फट मिटते याला मात्र भक्कम पुरावा नाही. फिजिओथेरपिस्टकडून पोटाचा सर्वांत खोल, आडवा स्नायू श्वासाबरोबर आवळायला शिकणं जास्त उपयोगाचं. अंथरुणातून सरळ न उठता कुशीवर वळून, हाताचा टेकू घेऊन उठावं.

हर्नियाच्या शस्त्रक्रियेची गोष्ट मला फार आवडते. अमेरिकन सर्जन विल्यम मेयो यांनी 1901 मध्ये भोकाच्या दोन्ही कडा नुसत्या जुळवण्याऐवजी एकीवर दुसरी चढवून शिवण्याची पद्धत मांडली, अंगरख्याचा एक पदर दुसऱ्यावर यावा तशी. पण ताणलेल्या शिवणीवर भार येतोच. 2018 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत एक ते चार सेंटिमीटरचा बेंबीचा हर्निया असलेले 300 रुग्ण होते. नुसते टाके घातलेल्यांपैकी 12 टक्के जणांचा हर्निया परतला, जाळी बसवलेल्यांपैकी 4 टक्के जणांचा. ही जाळी बहुधा पॉलिप्रोपिलीनची असते, तिच्या छिद्रांतून शरीराचे तंतू वाढतात.

मग हर्नियाबरोबर स्नायूही दुरावलेल्या बाईचं काय? तिथं भोकाभोवतीचं कापडच विरलेलं असतं. विरलेल्या लुगड्याला एकाच जागी रफू केलं तर शेजारी पुन्हा फाटतं, तसाच इथं हर्निया परतण्याचा धोका जास्त. म्हणून काही सर्जन एकाच वेळी मधल्या पट्टीला चूण घालून स्नायू जवळ आणतात आणि गरजेप्रमाणे जाळीचा आधार देतात. त्यासाठी आधी सोनोग्राफीने फटीची रुंदी मोजून घ्यावी. दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर ती दुरावा मानली जाते. पुन्हा मूल हवं असेल आणि त्रास थोडा असेल, तर शस्त्रक्रिया पुढे ढकलणं बहुधा बरं, कारण पुढचं गर्भारपण ही शिवण पुन्हा ताणतं. शेवटच्या बाळंतपणानंतरही निदान सहा महिने जाऊ द्यावेत.

‘बाळंतपणानंतर असं होतंच’ हे वाक्य ऐकून किती बायका कंबरदुखी आणि पोटातला अशक्तपणा वर्षानुवर्षं सोसतात. ते वाक्य अर्धंच खरं आहे. आणि बेंबीचा फुगवटा एकाएकी कडक झाला, दाबूनही आत जाईना, त्यावरची कातडी लाल किंवा काळपट झाली, कळा येऊन उलट्या होऊ लागल्या, तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असू शकतो. तेव्हा सकाळची वाट पाहू नये, त्याच रात्री सर्जन असलेलं रुग्णालय गाठावं.